रिंगा बसेपर्यंत

प्रिय मेहुणेसाहेब यांना,

भाऊजींचा मनापासून नमस्कार. वाकून करायचा विचार होता, पण माझी कंबर सध्या अशी आहे की एकदा खाली गेली तर वर आणायला दोन माणसं लागतील, आणि घरात तुमची ताई एकटीच आहे. तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींची पाठ दुखायची राहिली का? आणि त्या पांढऱ्या गाडीची तब्येत कशी आहे? (गाडीची चौकशी खोचकपणे केलेली नाही. पुढे वाचलंत की कळेल.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी मी हवापाणी विचारून ठेवून देईन हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कागदावर माणूस जरा जास्त वेळ बोलू शकतो, मध्येच कोणी 'बरं, ठेवू का' म्हणत नाही.

तर बातमी अशी की आमच्या मोटारसायकलच्या रिंगा बदलल्या. (हो, तीच मोटारसायकल, जिला तुम्ही धुराडं म्हणायचात. बरोबरच म्हणायचात, मागे वळून बघितलं तर आपलीच गल्ली दिसायची नाही.) रिंगा म्हणजे इंजिनाच्या आत पिस्टनला घातलेली कडी. ती झिजली की तेल वर चढतं, जळतं, आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. आमच्या मिस्त्रीला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण गाडी कधी मिळेल या प्रश्नाला त्याच्याकडे तेवढं एकच उत्तर आहे. त्याने इंजिन बांधून दिलं आणि मला समोर उभं करून, शाळेत पाढे घेतात तसे नियम म्हणून घेतले. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगात धरून ठेवायची नाही, तीसवरून चाळीस, चाळीसवरून पंचवीस, असं सारखं वरखाली करत राहायचं. चढाला रेटायची नाही. मागे कोणालाही बसवायचं नाही. लाडही नकोत आणि छळही नको. "भाऊ, नवी रिंग आणि जुना सिलिंडर म्हणजे नवी सून आणि जुनं सासर. एकमेकांना घासल्याशिवाय जागा मिळत नाही. एकदा रिंगा बसल्या की मग बघा." (उद्या स्वतः अविवाहित आहे. संसाराबद्दल इतक्या खात्रीने बोलणारी माणसं बहुधा तशीच असतात.)

आता या 'बसण्या'ने माझी जी फजिती केली ती ऐका. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी आधी कळवलं होतं की गाडी बसली आहे, म्हणजे बंद पडली आहे, सबब मीटर वाचायला चालत जावं लागतंय, उशीर होईल. साहेब बरं म्हणाले. मग कळवलं की गाडी झाली, पण रिंगा अजून बसायच्या आहेत, सबब सावकाश हिंडावं लागतंय, उशीर होईल. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, गेल्या महिन्यात बसली म्हणून उशीर, या महिन्यात बसत नाही म्हणून उशीर, एकदा काय ते ठरवा. मी त्यांना समजावून सांगायला गेलो आणि पिस्टनपर्यंत पोचलोही होतो, पण तेवढ्यात त्यांनी चष्मा परत घातला आणि फाईल उघडली.

पोलिसाचं तर विचारूच नका. मोकळा, सरळ रस्ता, आणि त्यावर एक पोक्त माणूस तीसने जातोय, चाळीसने जातोय, पुन्हा पंचवीसवर येतोय. त्याला वाटलं मी घेतलेली आहे. बाजूला घेतलं, तोंडाचा वास घेतला, विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, रिंगा बसवतोय. तो म्हणाला, कोणाच्या? सोन्याच्या का? मग शेजारच्या दुसऱ्या पोलिसाला त्याने हाक मारली आणि दोघांनी माझे खिसे बघितले. खिशात निघाली गुडघ्याला लावायची मलमाची ट्यूब. सासूबाईंची. त्यांना दर आठवड्याला डॉक्टरांकडे नेताना ती माझ्याच खिशात असायची, अजून आहे. पोलिसाने विचारलं, गुडघे दुखतात का? मी हो म्हटलं. त्याने सावकाश जा म्हणून सोडून दिलं. सावकाशच जात होतो हे सांगण्यात अर्थ नव्हता.

मात्र खरा घोळ झाला तो शववाहिनीपायी, आणि तो मी अजून ताईलासुद्धा सांगितलेला नाही. झालं असं, की एका दुपारी माझ्या पुढे एक शववाहिनी लागली. तिचा वेग अगदी उद्याने सांगितल्यासारखा. कधी तीस, कधी चाळीस, वळणाला वीस. मला वाटलं, देवानेच पाठवली. मी आपला तिच्या मागे मागे, ती हळू झाली की हळू, ती पळाली की मीही पळालो, इंजिन असं छान गुणगुणत होतं की मी कुठे चाललोय याचं भानच राहिलं नाही. थांबली तेव्हा मी स्मशानाच्या आवारात होतो, माझ्या मागे चार-पाच गाड्या येऊन लागलेल्या, वळवायला जागा नाही. आता उतरल्याशिवाय गत्यंतर नाही म्हणून उतरलो आणि हेल्मेट काढून, मान खाली घालून एका कडेला उभा राहिलो. तिथे एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

मेहुणेसाहेब, मला सांगता येत नाही काय झालं. माझ्या तोंडून निघालं, जावई. आणि मी रडायला लागलो. सासूबाई गेल्या तेव्हा मी रडलो नव्हतो, तुम्ही बघितलंच आहे. तेव्हा कागद करायचे होते, माणसांना कळवायचं होतं, ताईला धरायचं होतं, तुम्हाला धरायचं होतं. जावयाने फार रडू नये असंही कुठेतरी डोक्यात असावं. तिथे, त्या परक्या आवारात, कोणाच्या तरी कोणासाठी मी इतका रडलो की लोकांनी मला बाकावर बसवून पाणी दिलं. आणि मग हळूहळू कुजबूज सुरू झाली. कारण गेलेले गृहस्थ औषधांच्या दुकानाचे मालक होते आणि जन्मभर अविवाहित. त्यांना जावई कुठून आला, म्हणजे मुलगी कुठून आली, म्हणजे मुलीची आई कोण, असा विचार माणसांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. दोन बायकांनी तर, जावई कसला, मुलगाच असेल, अशा संशयाने माझं नाक निरखून बघितलं. मी वाट मोकळी होताच पळालो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा चाळीसच्या वर गेलो. त्या भल्या माणसाच्या नावाला माझ्यामुळे काय काय चिकटलं असेल कोण जाणे, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, सासूबाई जाऊन चार महिने झाले, त्या धुराड्याच्या मागे आता बसणारं कोणी नाही, मग रिंगा बदलायची एवढी हौस कशाला. तेच सांगायला बसलोय. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं कारण तिथे यायला धीर होत नव्हता. रिंगा मी बदलल्या नाहीत. सासूबाईंनी बदलायला लावल्या.

आठवतंय, गेल्या वर्षी तुम्ही नवी गाडी घेऊन त्यांना न्यायला आलात? त्या पिशवी भरून, साडी बदलून सकाळपासून पायरीवर तयार होत्या. तुम्ही गाडीचं दार उघडलं आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोललात. आम्ही आतल्या बाजूला होतो, आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आत बघितलं, आणि परत येऊन पायरीवर बसल्या. नको रे, मन नाही म्हणाल्या. तुम्ही किती वेळ ते दार उघडं धरून उभे होतात. नंतर तुम्ही एकटे गेलात आणि मला वाटतं त्या दिवसापासून तुमच्या मनाने घेतलं, की आईला लेकच हवी, मुलगा नको.

त्यानंतर एकदा डॉक्टरांकडे जाताना, लाल सिग्नलला, सासूबाईंनी मला सांगितलं. (बोलायचं ते सिग्नललाच. एरवी हेल्मेटमुळे मला ऐकू येत नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि पाठीवरच्या थापांवर कारभार चालायचा. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. सलग थापा म्हणजे दुकान बंद होईल, पळवा. मला त्याचा फार राग यायचा. मी काय बैल आहे का, असं एकदा ताईजवळ म्हणालोही होतो.) म्हणाल्या, "जावईबापू, त्याने फोनवर माझ्याकडे ये म्हटलं, तर मी म्हटलं, कशी येऊ रे, मला गाडी लागते. तर तो म्हणाला, एवढंच ना आई, घेतो."

मेहुणेसाहेब, त्यांना गाडी लागायची. बंद गाडीत बसलं, काच लावली, की पोटात ढवळून उलटी व्हायची. त्या तेवढंच सांगत होत्या. तुम्ही ऐकलंत की आईला गाडी लागते, आईला गाडी हवी आहे, आणि आईसाठी गाडी घेतलीत. त्या दिवशी त्या उपाशीपोटी, गोळी घेऊन, पदरात लिंबू बांधून तयार होत्या. कसंही करून यायचंच होतं त्यांना. पण तुम्ही दार उघडून कानात म्हणालात, तुला लागते म्हणालीस ना, ही घे, तुझ्यासाठी. आणि आत ती पांढरीशुभ्र सीट, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. "पोराने माझ्यासाठी घेतली आणि मी तिच्यात ओकू? आणि तिथे पोचल्यावर सुनेने ते बघायचं?" असं म्हणाल्या त्या. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी हसत होतो. खरंच हसत होतो, मला ते फार गमतीचं वाटलं. पाठीवर एक थाप बसली, आणि ती हळूची नव्हती. मी जिवंत आहे तोवर त्याला हे कळता कामा नये, असं वचन त्यांनी पुढच्या सिग्नलला घेतलं. शब्द नीट तोलून घेतलं होतं, मी पाळलंही. आता ते संपलं आहे.

आणि मग त्यांनीच मार्ग काढला. उघड्यावर त्यांना काही होत नसे, मोटारसायकलवर त्या खुशाल बसायच्या, एका बाजूला पाय सोडून, खाली ती फुलांची उशी बांधून. तेव्हा तुमच्याकडे मोटारसायकलवरूनच यायचं, असं ठरलं. "चाळीसने गेलो तर किती वेळ लागेल?" मी म्हटलं, सकाळी निघालो तर दिवेलागणीपर्यंत. त्या म्हणाल्या, चालेल, वाटेत थांबत जाऊ. उद्याला विचारलं तर तो म्हणाला, या रिंगांवर मधला चढ चढणार नाही. त्याने सून आणि सासर सुरू केलं तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं, सासूचं मध्ये घेऊ नकोस, बदलून टाक म्हणाल्या, आणि जुन्या रिंगा मला दाखवल्याशिवाय फेकायच्या नाहीत. (त्यांचा कोणत्याच कारागिरावर विश्वास नव्हता, दाताच्या डॉक्टरकडूनही त्यांनी दात मागून घेतला होता.) इंजिन खोललं गेलं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी, चहा झाला, पेपर झाला, खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

संध्याकाळी तुम्ही आलात, त्यांना नेलं होतं त्या दवाखान्याच्या दारात ताईसाठी गाडीचं दार उघडून उभे राहिलात, आणि ताई तुमच्या समोरून चालत घरी निघून गेली. तुम्ही मला म्हणालात, आमच्या गाडीत बसायला या मायलेकींना कमीपणा वाटतो. अहो, तिलाही लागते. अगदी आईसारखीच. तुमच्या घरी लहानपणी सायकलपलीकडे काही नव्हतं म्हणून घराण्याचा हा गुण कोणाला कळलाच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिला टॅक्सीतून नेलं तेव्हा मला कळला, आणि टॅक्सीवाल्यालाही. पण ती कबूल करायची नाही. ती म्हणते, भावाने आधी फोन करावा. तुम्ही म्हणत असाल, बहिणीने करावा. आणि तुम्ही दोघंही रोज कोणत्या वेळी फोनकडे बघता हे मला माहीत आहे, कारण तिचं मी बघतो आणि तुम्ही तिचेच भाऊ आहात.

दिवस झाल्यावर उद्या आमच्या दारात आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फडक्यात गुंडाळून जुन्या रिंगा आणल्या होत्या, आजींना दाखवायच्या म्हणून. ताईने त्याच्या हातातून घेतल्या, उजेडात धरून नीट बघितल्या, झिजल्यात म्हणाली, आणि आत गेली. मी उद्याला म्हटलं, नव्या घाल, पूर्ण कर. दुसरं काय म्हणणार होतो?

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गाडीला काही नाही, तिची यात काही चूक नव्हती.

आपला,
भाऊजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. उद्या म्हणतो, रिंगा बसल्या की एकदा मागे माणूस बसवून लांबचा पल्ला मारायला हवा, त्याशिवाय इंजिन खुलत नाही. तुमचं गाव त्यासाठी अगदी बेताच्या अंतरावर आहे. येत्या रविवारी यायचं म्हणतोय. ताईला मी अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती फोनचं काढेल. तिला फक्त गाडी तपासायला जातोय एवढंच म्हणणार आहे. तुम्ही गाडी घेऊन सामोरे येऊ नका, एवढी विनंती. दारात उभे राहा. सासूबाईंची पिशवीही आणतोय. त्या दिवशी पायरीवरून उचलून त्यांनी ती कपाटात ठेवली ती शेवटपर्यंत रिकामी केली नाही. आत काय आहे ते आम्ही बघितलेलं नाही. तुमच्याकडे न्यायची म्हणून भरलेली आहे, तेव्हा तुम्हीच उघडायची.

ता. क. २. वर जे रिंगा बसायच्या आहेत वगैरे लिहिलं ते खरं नाही. त्या केव्हाच बसल्या. उद्याने महिन्यापूर्वी कान लावून सांगितलं, भाऊ, झालं, आता खुशाल पळवा, मागे माणूस बसवा. मी त्याला म्हटलं, अजून थोडं राहू दे. तेव्हापासून उगाचच चाळीसने हिंडतोय, एकटा, मागची जागा रिकामी ठेवून. जोवर रिंगा बसायच्या आहेत तोवर तिथे कोणी बसत नाही याला काहीतरी कारण होतं. साहेबांना यातलं कळवू नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. रविवारची वाट न बघता आज ताईला म्हटलं, बस, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. इतक्या वर्षांत ती कधी मागे बसलेली नाही, ती शिकवते ती शाळा जवळ, म्हणून चालत जाते आणि एरवी ती जागा आईची होती. आधी नको म्हणाली. मग आत जाऊन ती फुलांची उशी घेऊन आली, धुऊन ठेवलेली होती, मला माहीतच नव्हतं, आणि स्वतःच बांधली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत, मग मोठ्या रस्त्याला लागलो. काटा चाळीसच्या जरा पुढे गेला आणि माझ्या पाठीवर एक थाप बसली. थापांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग ती मागून म्हणाली, "असं चाळीसने गेलो तर त्याच्याकडे पोचायला किती वेळ लागेल हो?"

तेव्हा रविवारी उशीर होईल. जेवायला खोळंबू नका, पण दार लावून घेऊ नका.